ऑटोमॅटिक लक्झरी एसयूव्ही पहिल्यांदा हातात घेताना

क्लचच्या गाडीवर वर्षानुवर्षे हात बसलेला माणूस ऑटोमॅटिक गाडी अर्ध्या तासात चालवू लागतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. या गाड्या चालवणे खरोखर सोपे आहे. अवघड आहे ते गाडी या क्षणी नेमकी कुठल्या अवस्थेत आहे हे ओळखणे. क्लचच्या गाडीत इंजिन चालू आहे हे कानाला कळते, गिअर कुठला आहे हे तळहाताला कळते आणि चुकलेच तर गाडी गचका देऊन बंद पडते. मर्सिडीझची जीएलई, बीएमडब्ल्यूची एक्स फाइव्ह, ऑडीची क्यू सेव्हन किंवा रेंज रोव्हर यांच्यात यातले काहीच होत नाही. इंजिन ऐकू येत नाही, गिअरचा दांडा कुठेही ढकलला तरी बहुतेक मॉडेलांत पुन्हा मधोमध येऊन उभा राहतो आणि शंभरचा वेग साठसारखा वाटतो. त्यामुळे पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीत एक गोष्ट परत परत येईल: दांड्याकडे नाही, मीटरवर उमटलेल्या अक्षराकडे बघायचे.

बसण्याआधी

गाडीभोवती एक फेरी मारा. टायर, खाली सांडलेले तेल-पाणी, आणि मुख्य म्हणजे मागे कुणी लहान मूल तर नाही ना, हे बघा. बॉनेट उंच असल्याने या गाड्यांच्या अगदी पुढ्यात उभे असलेले मूलही ड्रायव्हरच्या सीटवरून दिसत नाही. कॅमेरे असतात, पण पावसाळ्यात मागच्या कॅमेऱ्यावर चिखल बसला की पडद्यावर नुसता करडा धूर दिसतो. फडके जवळ ठेवा आणि काच पुसता तशी ती छोटी भिंगेही पुसा. पार्किंगचे सेन्सर बंपरमध्ये असतात, त्यांनाही हाच नियम.

मापाचा अंदाज आधीच घेतलेला बरा. जीएलई आणि एक्स फाइव्ह दोन्ही सुमारे ४.९ मीटर लांब आहेत, क्यू सेव्हन पाच मीटरच्या वर जाते. रुंदी आरसे सोडूनच दोन मीटरच्या आसपास आहे. पेठेतल्या गल्लीत किंवा जुन्या सोसायटीच्या फाटकातून जाताना अडचण आधी आरशांची येते. वजन सव्वादोन टनांच्या घरात, चारपाच माणसे आणि सामान भरले की आणखी वर.

सीट आणि पाय

सीट आधी वर-खाली करा, मग पुढे-मागे. बॉनेटची पुढची कड शक्य तितकी दिसेल इतपत उंची हवी, पण डोके छताला लागता कामा नये. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाठ टेकवून हात सरळ केले की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडावे. जमले की ते मेमरी बटनावर साठवून टाका. घरातली दोन-तीन माणसे आणि पगारी ड्रायव्हर अशी गाडी वापरत असतील तर प्रत्येकाचा वेगळा क्रमांक ठेवावा. नाहीतर दुसऱ्याच्या सीटवर बसून तशीच गाडी काढायची सवय लागते.

आता पाय. डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर ठेवायचा आणि तिथेच ठेवायचा. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाने. क्लचची सवय असलेला डावा पाय घाईच्या वेळी आपसूक खाली जातो, आणि ऑटोमॅटिकमधले ब्रेकचे पेडल रुंद असल्याने तो थेट ब्रेकवर पडतो. क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबला गेला की गाडी जागच्या जागी थिजते आणि मागची गाडी डिकीत घुसते. पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात केवळ या एका गोष्टीसाठी वेळ द्या. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या सरळ रेषेत टेकवा आणि पंजा तिरका करून अ‍ॅक्सिलरेटरवर न्या. असे केले की घाबरल्यावर पाय सरळ होताना ब्रेकवरच येतो. जाड तळाचे बूट किंवा सैल चप्पल नको.

अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० ही गाडी आपोआप सुसाट सुटते अशा तक्रारींनी मोठा गदारोळ झाला होता. तिथल्या सरकारी रस्ता-सुरक्षा यंत्रणेने १९८९ मध्ये अहवाल दिला, त्यात अशा घटनांचे मुख्य कारण ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला जाणे हे निघाले. आज ब्रेक दाबल्याशिवाय पीमधून, म्हणजे पार्कमधून, दांडा हलत नाही, ते कुलूप त्याच प्रकरणानंतर सर्रास दिसू लागले. या कुलपाचा काहींना वैताग येतो. मला तरी गाडीतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक लाडांपेक्षा ही एक अडवणूक जास्त मोलाची वाटते.

पट्टे सगळ्यांनी लावायचे, मागच्यांनीही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी मर्सिडीझची जीएलसी होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असे पोलिसांनी सांगितले, आणि ते दोघेच गेले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. मालक मागे आणि ड्रायव्हर पुढे अशी बैठक असेल तर गाडी हलवण्याआधी ‘साहेब, पट्टा’ म्हणायला ड्रायव्हरने कचरू नये आणि साहेबांनीही ते मनाला लावून घेऊ नये.

स्टार्ट

किल्ली खिशात किंवा गाडीत असली की पुरे. ब्रेक नीट दाबून ठेवा, मीटरवर पी आहे हे बघा आणि स्टार्टचे बटन एकदा दाबा. ब्रेक न दाबता बटन दाबले तर इंजिन सुरू होत नाही, नुसते दिवे आणि पडदे लागतात. नवशिक्याला वाटते गाडी सुरू झाली.

उलटा गोंधळही होतो. ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा, म्हणजे इंजिनला छोट्या विजेच्या मोटरची जोड, असलेल्या नव्या मॉडेलांत इंजिन इतके अलगद चालू होते की ‘झाली का नाही’ म्हणून माणूस पुन्हा बटन दाबतो आणि चालू गाडी बंद करतो. आरपीएमचा काटा बघा किंवा मीटरवर तयार असल्याची खूण दिसते का ते बघा. किल्लीचा सेल उतरला असेल तर किल्ली धरायची किंवा ठेवायची एक ठरावीक जागा प्रत्येक गाडीत असते. ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा, रात्री अकरा वाजता हॉटेलच्या पार्किंगमध्ये शोधत बसू नका.

चोक ओढून दहा मिनिटे गाडी गरम करायचे दिवस गेले. अर्ध्या मिनिटात निघायला हरकत नाही, फक्त पहिले काही किलोमीटर रेस हलकी ठेवायची, म्हणजे तेल टर्बोपर्यंत नीट पोचते. आणि बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात इंजिन चालू ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गिअरचा दांडा: इथे घाई नको

पी म्हणजे पार्क, आर रिव्हर्स, एन न्यूट्रल, डी पुढे. हे सगळ्यांना ठाऊक असते. मात्र ही चार अक्षरे निवडायची पद्धत प्रत्येक कंपनीत निराळी आहे. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत दांड्याच्या बाजूचे बटन दाबून तो पुढे ढकलला की आर, मागे ओढला की डी, आणि पीसाठी वेगळे बटन. नव्यांत दांडा जाऊन छोटी कळ आली आहे. जुन्या रेंज रोव्हरमध्ये फिरवायची गोल खुंटी होती.

मर्सिडीझची तऱ्हा सगळ्यांत वेगळी आणि आपल्याकडच्या ड्रायव्हरला चकवणारी. तिचा गिअर स्टिअरिंगच्या उजव्या बाजूच्या छोट्या दांड्यावर असतो: खाली दाबला की डी, वर ढकलला की आर, टोकाचे बटन दाबले की पी. मारुती किंवा ह्युंदाईमध्ये नेमक्या त्याच जागी इंडिकेटर असतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने तुम्ही उजवीकडे वळताना तो दांडा खाली ओढता. गाडी डीमध्येच असल्याने काही बिघडत नाही, इंडिकेटर मात्र लागत नाही आणि मागच्याला कळत नाही. ओव्हरटेक करून डाव्या लेनमध्ये परतताना तुम्ही तो वर ढकलता, आणि गाडी न्यूट्रलमध्ये जाते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, इंजिन गुरगुरते, पण गाडीला ओढ नाही. धावत्या गाडीत ती रिव्हर्स घेत नाही एवढे शहाणपण तिच्यात आहे. तसे झाले तर रेस सोडा, मीटरवर एन दिसतो का बघा, दांडा खाली दाबून पुन्हा डी घ्या. पहिल्या आठवड्यात गाडी उभी असताना दर वेळी डाव्या हाताने इंडिकेटर लावून बघा. डाव्या दांड्यावर वायपरही आहे, तोही हात तिथेच शिकेल.

आर आणि डी यांच्यामध्ये बदल करायचा तो गाडी पूर्ण थांबल्यावरच, ब्रेक दाबून. क्लचच्या गाडीत मागे सरकता सरकता पहिला टाकायची जी सवय असते, ती इथे गिअरबॉक्सला महाग पडते. दर वेळी क्रम तोच: ब्रेक, दांडा, मीटरवरचे अक्षर, मगच पाय सोडायचा.

हलताना आणि रांगेत

डी किंवा आर घेऊन ब्रेक सोडला की गाडी रेस न देताच चालण्याच्या वेगाने सरकू लागते. क्लचच्या जागी असलेल्या, तेलाने भरलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची थोडी ताकद चाकांपर्यंत सतत पोचत असते म्हणून. पार्किंगमध्ये, गल्लीत, गर्दीत हीच सरक वापरायची. अ‍ॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. गाडीचा वेग फक्त ब्रेकने कमी-जास्त करायचा. भिंतीसमोर गाडी लावताना ‘थोडीशी पुढे’ म्हणून रेस देणे हेच पेडल चुकण्याचे नेहमीचे ठिकाण आहे.

सिग्नलला ब्रेक दाबून उभे राहिलात की इंजिन बऱ्याचदा आपोआप बंद होते. गाडी बंद झालेली नसते, डी तसाच असतो. पाय उचलला की इंजिन लागते आणि गाडी चालू पडते. पाणी घ्यायला मागे वळलात, ब्रेकवरचा पाय नकळत सैल झाला, की पुढच्या रिक्षाला ठोकर. यावर उपाय म्हणजे ऑटो होल्ड, पाय उचलला तरी थांबलेल्या गाडीचा ब्रेक धरून ठेवणारी सोय. काही गाड्यांत त्याचे बटन असते, मर्सिडीझमध्ये थांबल्यावर ब्रेक आणखी एकदा जोरात दाबला की मीटरवर होल्ड उमटतो. पण होल्ड म्हणजे पार्किंग नव्हे. त्याच्या भरवशावर दार उघडून उतरायचे नाही. सिग्नलला एनमध्ये टाकायचीही गरज नाही, आणि चालती गाडी एनमध्ये टाकून पेट्रोल वाचत नाही.

चढावर थांबून निघताना गाडी दोनेक सेकंद ब्रेक स्वतःहून धरून ठेवते. तेवढ्यात पाय अ‍ॅक्सिलरेटरवर न्यायचा. कसारा घाटाच्या रांगेत अर्ध्या क्लचसारखी हलक्या रेसवर गाडी तोलून धरणारे दिसतात. त्याने गिअरबॉक्सचे तेल तापते. ब्रेक किंवा होल्ड वापरा.

मोकळा रस्ता

इथे गाडीची शांतता सगळ्यात जास्त फसवते. वेग ६० चा १०० झाला की गाडी थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शंभरच्या वेगाला एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते, एकशेवीसला ३३. सीटमध्ये बसलेल्याला यातले काहीही जाणवत नाही. समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना १२० ची मर्यादा आहे. ७०१ किलोमीटरच्या त्या बहुतांश सरळ रस्त्यावर डोळे उघडे असून लक्ष नसल्याची अवस्था फार लवकर येते. मर्यादेचा इशारा गाडीत लावून ठेवा आणि दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासा. किती हवी ते दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या पट्टीवर लिहिलेले असते, आणि भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. पंपावरच्या पोराला ‘सगळ्यांना पस्तीस’ सांगून मोकळे होऊ नका.

ओव्हरटेकची तऱ्हा समजून घ्या. अ‍ॅक्सिलरेटर एकदम तळाला दाबला की गिअरबॉक्स क्षणभर विचार करतो, दोन-तीन गिअर खाली उतरतो आणि मग गाडी झेपावते. हा क्षणभराचा उशीर आणि नंतरची झेप, दोन्हींची सवय नसेल तर दुपदरी रस्त्यावर जीव टांगणीला लागतो. बाहेर निघण्याआधीच स्टिअरिंगमागच्या डाव्या पॅडलने, म्हणजे बोटाने ओढायच्या पट्टीने, एक गिअर खाली घ्या, मग पेडल सलग दाबा. स्पोर्ट मोड पहिल्या महिन्यात वापरूच नका, त्यात पेडल फार तिखट होते.

पुढच्या गाडीचे अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आणि लेन धरून ठेवणारी यंत्रणा चांगल्या पट्ट्यांच्या महामार्गावर उपयोगी आहे. दुभाजकातून अचानक येणारी म्हैस, उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल, दिवे नसलेला उसाचा ट्रॅक्टर यांच्यावर तिचा भरवसा नको. मुसळधार पावसात ती बंद ठेवा.

घाट उतरताना

डीमध्ये ठेवून सगळा घाट ब्रेकवर उतरणे ही ऑटोमॅटिकवाल्यांची सर्वात धोकादायक सवय. सव्वादोन टनांचे ओझे सलग ब्रेकवर आले की डिस्क तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. उपाय जुनाच आहे, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचे. उतार सुरू होण्याआधी डाव्या बाजूचे, वजा खुणेचे पॅडल ओढून गिअर खाली आणा. मीटरवर गिअरचा आकडा दिसेल. इंजिन थोडे ओरडेल, ओरडू द्या. ब्रेक मग फक्त वळणाआधी, ठाम आणि थोडक्यात दाबायचा. काही गाड्या थोड्या वेळाने आपणहून पुन्हा डीवर जातात, म्हणून आकड्यावर नजर ठेवा. उतारावर एन कधीच नाही. उतारासाठी वेगळे बटन असते, ते कच्च्या, निसरड्या वाटेवर कमी वेगाने उतरण्यासाठी आहे, खंडाळ्यासाठी नव्हे.

ब्रेक खरोखरच गेला तर इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकची कळ, गाडीत असेल त्याप्रमाणे ओढून किंवा दाबून, तशीच धरून ठेवा. धावत्या गाडीत ती संगणकाच्या मदतीने गाडी सावरत थांबवते. आणि अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि एन घ्या. इंजिन किंचाळले तरी चालेल, ओढ तुटते.

पाणी

रेंज रोव्हरसाठी कंपनी ९०० मिलिमीटरपर्यंत पाण्याची मर्यादा सांगते. म्हणून सगळ्या एसयूव्ही तशाच, हा गैरसमज मुंबईत पावसाळ्यात तुंबणाऱ्या मिलन सबवेमध्ये महागात पडतो. बाकीच्या गाड्यांची मर्यादा याहून बरीच कमी आहे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले की वळा. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नका. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, वाकतात ते पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड. मग बिल लाखांत जाते आणि इंजिनचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर विमा कंपनी हात वर करते.

थांबवून उतरणे

२०१६ च्या जूनमध्ये अमेरिकी अभिनेता अँटन येल्चिन याचा त्याच्याच घराच्या उतारावर मृत्यू झाला. त्याची जीप ग्रँड चेरोकी मागे सरकली आणि तो गाडी व फाटकाचा खांब यांच्यामध्ये चिरडला गेला. या गाडीचा दांडा ढकलला की परत मधोमध येई, त्यामुळे पी लागला की नाही हे हाताला कळत नसे. त्याच कारणासाठी कंपनीने एप्रिलमध्येच जगभरातून ११ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या होत्या. आता बऱ्याच गाड्या दार उघडताच स्वतःहून पी घेतात. तरीही क्रम आपला आपणच पाळायचा.

ब्रेक दाबून पूर्ण थांबा. पार्किंग ब्रेक लावा, तांबडा दिवा बघा. मग पी, आणि मीटरवर पी उमटला का ते वाचा. मग इंजिन बंद. ब्रेकवरचा पाय सावकाश उचला, गाडी हलत नाही ना बघा, मग पट्टा, मग दार. पार्किंग ब्रेक आधी लावायचे कारण असे की पी म्हणजे गिअरबॉक्समधला एक छोटा लोखंडी दात असतो. उतारावर गाडीचे सगळे वजन त्याच्यावर सोडले तर पुढच्या वेळी पीमधून काढताना खाडकन आवाज येतो आणि तो दात झिजतो. उतरल्यावर इंजिन बंद आहे याची खात्री करा. किल्ली खिशात घेऊन चालू गाडीपासून निघून जाणे या शांत गाड्यांत सहज घडते. हॉटेलच्या दारात गाडी ताब्यात घेणाऱ्या मुलाला, विशेषतः मर्सिडीझ असेल तर, गिअर कुठे आहे ते दाखवून मगच किल्ली द्या.

बंद पडली तर

बॅटरी उतरलेली ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही, चार माणसे गोळा करू नका. एक्स फाइव्हमध्ये बॅटरी मागे डिकीत असते, पण दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची केबल जोडायच्या जागा बॉनेटखाली दिलेल्या असतात. त्याच वापराव्यात. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर दोरी बांधू देऊ नका आणि पुढची दोन चाके उचलून मागची फरफटत नेणारा टोचनही नाकारा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलाचा पंप फिरत नाही, आणि चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत दोन चाके जमिनीवर फिरली तरी आतली यंत्रणा तेलाविना घासते. चारही चाके वर घेणारी सपाट ट्रकगाडीच मागवा. कंपनीच्या मदतसेवेचा क्रमांक फोनमध्ये आणि एका कागदावर पुढच्या खणात ठेवा, कारण वरंधा घाटात फोनला रेंज मिळेलच असे नाही. तशा वेळी तो कागद जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे देता येतो.